कापसाने पुसलेला आरसा

राजूरहून केदारखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी सध्या पांढऱ्या झाल्या आहेत. कापसाने गच्च भरलेल्या ट्रॉल्या खालून जातात, वाकलेल्या फांद्या त्यांना जाता जाता ओरबाडतात आणि एकेक पुंजका काट्यांवर ठेवून घेतात. परवा मुलाच्या गाडीतून गावाकडे जाताना मी काच खाली केली आणि तो वास आत आला. कापसाला वास असतो हे शहरातल्या लोकांना पटत नाही. असतो. उन्हात घातलेल्या जुन्या गोधडीचा, थोडा सरकीच्या तेलाचा, थोडा धुळीचा. तो नाकात गेला की मला शेत आठवत नाही, बैल आठवत नाहीत. मला आमचा टीव्ही आठवतो.

साधा टीव्ही नव्हे. माणसाच्या छातीइतका उंच, कपाटाएवढा रुंद, खाली चाकं असलेला. एका हंगामात, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, तो आणि कापूस आमच्या घरात एकाच खोलीत राहिले. दोन हजार साल उंबरठ्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या हंगामाबद्दल लिहायचं म्हणजे आनंदाबद्दलच लिहायचं, कारण आमच्या घरात इतकी माणसं इतक्या वेळा एकदम हसली, असा दुसरा हंगाम मला आठवत नाही. पण त्यातली एक गोष्ट आमच्या नात्यागोत्यात आजवर चुकीची सांगितली जाते. ती चुकीची आहे हे जिवंत माणसांत मला एकट्याला माहीत होतं. आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. जन्मभर शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या, चुकीखाली लाल रेघ मारली. ही एक वही तशीच राहिली होती.

टीव्ही आला जुन्या जालन्यातून. तिथल्या एका कापडाच्या दुकानदाराच्या भावाने तो परदेशातून आणवला होता. दुकानदाराचं घर दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की टीव्ही वर जाईना, म्हणून तो दोन वर्षं दुकानातच लुगड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभा होता. गिऱ्हाईक त्याच्यावर टेकून कापड बघायचं. दसऱ्याच्या आधी मी आणि माझी बायको यमुना कपडे घ्यायला गेलो, तेव्हा तो चालू होता. मी साडीकडे बघायच्या ऐवजी पडद्याकडे बघत राहिलो. एक हत्ती नदीत उतरत होता. हत्ती हत्तीएवढा वाटत होता.

“न्यायचा का गुरुजी?” दुकानदार म्हणाला. “मला जागा पाहिजे. बिलकुल चांगला हाय, फक्त गल्ली छोटी हाय.”

मी यमुनाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “आपल्या दारातून जाईल का?” म्हणजे तिचं ठरलं होतं.

जालन्यात कापूस टाकून मोकळा परत निघालेला आमच्या गावचा टेंपो होता, त्यात तो चढवला. चारी बाजूंनी गोधड्या, वर ताडपत्री. यमुनाचा धाकटा भाऊ दगडू मागे त्याला मिठी मारून उभा राहिला. राजूरला चहाला थांबलो तर लोक गोळा झाले. एकजण म्हणाला कपाट आहे, एकजण म्हणाला गणपतीचं मखर. एका म्हाताऱ्याने ताडपत्रीवरून हात फिरवून दगडूला विचारलं, “कोन आजारी हाय बाबा?”

“आजारी न्हाई, नवरी हाय,” दगडू म्हणाला. “लाजाळू हाय म्हून झाकली.”

दारातून तो जाईना. चौकट काढावी लागली. ज्या घराने तीन लग्नांत चौकट काढली नव्हती, त्याने टीव्हीसाठी काढली.

त्याला ठेवायला एकच मोठी खोली होती आणि त्या खोलीत दरवर्षी कापूस भरायचा. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव बरा येईपर्यंत घरात ठेवतात. पहिली वेचणी आली की खोलीचा एक कोपरा जातो, दुसरी आली की भिंत जाते, तिसरीपर्यंत खिडकी गायब. आपणच आपल्या घरात पाहुण्यासारखे राहतो. त्या वर्षी एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला आढ्यापर्यंत कापूस. आणि त्या कापसावर, त्याच्या पायथ्याशी, त्याच्या कुशीत, अर्धं गाव.

ज्यांनी तसला टीव्ही वापरला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. त्याच्या पोटात खाली तीन नळ्या असायच्या, लाल, हिरवी आणि निळी. तिन्ही आपापलं चित्र वर फेकायच्या, आतल्या मोठ्या तिरप्या आरशावर ती एक व्हायची आणि तो आरसा ते चित्र मागून पडद्यावर टाकायचा. म्हणजे आपण बघायचो ते आरशातलं. तीन रंग एकमेकांवर बराबर बसले की चित्र असं यायचं की माणसाच्या शर्टाची वीण मोजावी. जरा सरकले की एका माणसाचे तीन व्हायचे. वेचणीच्या बायकांची म्होरकी सुभद्राबाई. तिने पहिल्यांदा क्रिकेटची मॅच बघितली तेव्हा रंग सरकलेले होते. चेंडूमागे पळणाऱ्या गड्याच्या पुढे एक लाल गडी आणि मागे एक निळा गडी पळत होता.

“गुरुजी, तीन तीन मानसं एका चेंडूमागं पळून राह्यलीत,” ती म्हणाली. “आमच्यात असं केलं तर मुकादम हाकलून दील.”

रंग जुळवायचं काम शिकवलं भोकरदनच्या रौफभाई मिस्त्रीने. त्याचं दुकान रेडिओपासून सुरू झालेलं, पण एवढा मोठा टीव्ही त्यानेही पहिल्यांदाच उघडला होता. पडद्यावर बेरजेच्या चिन्हासारखी पांढरी खूण आणायची. त्या खुणेला लाल किनार दिसली तर लाल सरकवायचा, निळी दिसली तर निळा. मी दोन तास शिकलो आणि माझ्या खुणा फाटक्या पतंगासारख्या लोंबत राहिल्या. यमुना चहाचे कप घेऊन आली, उभ्या उभ्या बघत राहिली, मग म्हणाली, “द्या बरं इकडं.” चार बटणं दाबली. खूण पांढरीशुभ्र.

रौफभाईने कानाला हात लावला. “भाभी, कल से दुकान पे आ जाव.”

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ते आता कोणाला आठवत नाही. त्या टीव्हीची खरी जाणकार यमुना होती. शिलाई मशीन ती स्वतः उघडून तेल घालायची, विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगायची. रोज सकाळी सडा झाला की ती टीव्हीपुढे मांडी घालून बसायची आणि पाच मिनिटांत तिन्ही रंग जुळवायची. जणू लेकरांच्या वेण्या घालतेय. हात फार हलके होते तिचे. मी दारात उभा राहून बघायचो आणि ती मान न वळवता म्हणायची, “जा शाळेत. घंटा झाली.”

त्या टीव्हीची एक खोड होती, आणि आमचा सगळा आनंद त्या खोडीतून आला. तो फक्त समोर बसलेल्याला दिसायचा. बाजूला सरकलात की चित्र मावळायचं. उभे राहिलात की काळोख. कापसाच्या ढिगावर उंच चढून बसलेल्या पोरांना नुसता राखाडी पडदा दिसायचा, मग ती घसरत खाली यायची, आणि घसरताना एका क्षणाला चित्र एकदम उजळायचं. त्या एका क्षणासाठी पोरं पुन्हा वर चढायची आणि पुन्हा घसरायची. आमचे सरपंच सवयीने दारात उभं राहून बोलायचे. आठ दिवसांत तेही निमूट जमिनीवर बसायला लागले. एवढं मोठं यंत्र, पण उभ्या माणसाला ते काही देत नव्हतं.

मग मधल्या जागेवरून भांडणं सुरू झाली. त्यावर यमुनाने रीत घातली. जाहिरात लागली की सगळ्यांनी एक माणूस उजवीकडे सरकायचं. उजव्या टोकाचा उठून डाव्या टोकाला जायचा. त्यामुळे कोणताही सिनेमा प्रत्येकाने थोडा अंधारात, थोडा उजेडात बघितला. नायक नायिकेला काय म्हणाला हे एका टोकाला दिसायचं नाही, मग मधला माणूस बाजूच्याला सांगायचा, तो त्याच्या बाजूच्याला, आणि टोकापर्यंत पोचेस्तोवर दोघांचं लग्न झालेलं असायचं. जाहिरातीचं संगीत वाजलं की चाळीस माणसं बसल्या बसल्या सरकायची. त्याचा एक आवाज होता, सर्र असा. मला तो अजून झोपेत ऐकू येतो.

सुभद्राबाई आणि तिच्या बायका पहिल्यांदा उंबऱ्याशी बसल्या होत्या. वर्षानुवर्षं त्या आमच्याकडे तिथेच बसत आलेल्या, त्यांनीही तसं धरलेलं आणि आम्हीही. यमुना म्हणाली, “तिथून काही दिसत न्हाई, मधी या.” सुभद्राबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई, आम्हाला इथूनबी चालतंय.” खरं तर तिथून काळा चौकोन दिसत होता. यमुनाने उठून तिच्या हाताला धरलं आणि आणून मधे बसवलं. त्या दिवसापासून ती रांगेत आली आणि जाहिरातीगणिक सगळ्यांसारखी सरकायला लागली. त्यावर कोणी काही बोललं नाही. मी शाळेत समतेवर पुष्कळ भाषणं केली होती. घरात मला हे सुचलं नव्हतं.

रविवारची दुपार म्हणजे जत्राच. बायका ओटीतला कापूस ढिगावर रिकामा करायच्या आणि तशाच बसायच्या, केसांत पांढरे तंतू घेऊन. पडद्यावर पाऊस पडायचा तेव्हा खोलीतून कापूस उडत असायचा. माझी म्हातारी काकू, जिला डोळ्यांनी अर्धंच दिसायचं, ती या टीव्हीवर बघू शकायची, कारण माणसं तिच्या नातवंडांएवढी मोठी होती. खलनायक आला की ती त्याला नाव घेऊन शिव्या द्यायची आणि बातम्या देणाऱ्या बाईला विचारायची, “जेवलीस का गं?”

असे तीन महिने गेले. आणि मग चित्र हळूहळू मंद व्हायला लागलं.

कारण सोपं होतं. खोलीभर कापूस. उडणारा तंतू टीव्हीच्या मागच्या फटींतून आत जाऊन आरशावर बसत होता. यमुनाला ते आधी कळलं. ती म्हणाली, “रौफभाईला बोलवा, आतून साफ करायला पाहिजे.” संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. तिने त्या वर्षी साऱ्या गावच्या बायकांना बोलावलं होतं. हळदीकुंकू आणि नंतर सिनेमा, असं तिचं ठरलेलं. माहेरहून तिची भावजय येणार होती, दगडू येणार होता. तिच्या आयुष्यात तिने स्वतः ठरवलेला तो पहिला मोठा कार्यक्रम.

मला वाटलं, तिला चकित करावं. भोगीच्या दिवशी ती बायकांना आमंत्रण द्यायला गेली. शाळेला सुट्टी. मी टीव्ही चाकांवर फिरवला, मागचे स्क्रू काढले आणि पाठ उघडली. आत आरसा होता, आणि त्याच्यावर पांढुरका थर, सायीसारखा. सुती फडकं शोधलं. मग मनात आलं, फडक्यात खरबरीत सूत असतं, आरशाला ओरखडा जाईल. या जगात कापसापेक्षा मऊ काय असतं? बाप कापूस पिकवायचा, त्याचा बाप पिकवायचा. जखमेवर कापूस, कानात कापूस, बाळाच्या उशीत कापूस. मी मागे हात नेला, ढिगातून मूठभर कापूस घेतला, जरा पाण्यात बुडवून पिळला आणि आरसा पुसायला लागलो. गोल गोल, खूप मायेने. कोपऱ्याकोपऱ्यातून.

आपल्या शेतातला कापूस आणि दवाखान्यातला कापूस एक नसतो, एवढं शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. शेतातल्या कापसात सरकी असते, बोंडाच्या वाळलेल्या टरफलाचे कण असतात, नखासारखे धारदार. पण आरसा लख्ख दिसत होता. वीज गेली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारीच आली, म्हणून टीव्ही लावून बघता आला नाही. मी पाठ बसवली, स्क्रू आवळले, टीव्ही जागेवर ढकलला आणि यमुना आली तेव्हा वर्तमानपत्र वाचत बसलो.

“आज लई खूश दिसून राह्यले,” ती म्हणाली.

“उद्या कळेल,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळं घर पुसलं. टीव्हीचा पडदाही ओल्या फडक्याने बाहेरून हलकेच पुसला. दुपारी बायका जमल्या. तिळगूळ झाला, वाण झालं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. यमुनाने नवी साडी नेसली होती. तिने बटण दाबलं.

चित्र आलं. पण प्रत्येक उजळ गोष्टीभोवती धुकं होतं. दिव्याभोवती खळं, पांढऱ्या सदऱ्याभोवती खळं, आणि प्रत्येक माणसाच्या डोक्यामागे गोल, झगझगीत वलय. मी ज्या वर्तुळात हात फिरवला होता त्याच वर्तुळात प्रकाश पसरत होता. नायकाला वलय, त्याच्या आईला वलय, सुरा घेऊन आलेल्या गुंडालाही वलय. काकूने हात जोडले. “देवाचा सिनेमा हाय का?” तिने विचारलं.

सुभद्राबाई म्हणाली, “देवच म्हनायचा. पन सुरी कशाला घेतली म्हनावं देवानं?”

सगळी खोली हसली. खरंच, पोट धरून हसली. मीही हसलो असतो, जर मला कारण माहीत नसतं.

मग दगडूने विचारलं, “कोनं हात लावला होता टीव्हीला?”

आणि यमुना, जिला खोटं बोलता येत नाही, ती म्हणाली, “सकाळी म्या पडदा पुसला. ओल्या फडक्यानं.”

मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. “मी आरसा पुसला” एवढं म्हणायचं होतं. पण चाळीस बायका समोर होत्या, आणि टीव्हीला कोणी हात लावू नका असं तीन महिने सगळ्यांना दम देणारा मीच होतो. मी गप्प बसलो. दगडू म्हणाला, “झालं! अक्कानं देवांना आंघोळ घातली.” पुन्हा सगळे हसले. यमुनाही हसली. हसता हसता तिने हातातला रिमोट खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी रौफभाई आला. त्याने पाठ उघडली, बॅटरीचा उजेड पाडला आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग कोपऱ्यात अडकलेला कापसाचा एक तंतू चिमटीत धरून बाहेर काढला. त्याच्या टोकाला टरफलाचा तुकडा होता.

“गुरुजी, ये कोन पुसा?”

मी मान खाली घातली.

“आपल्या घरच्या आरशाचा पारा काचेमागं असतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “इसका सामने रहता. उघडा. इसको तो फुंकर भी आहिस्ता मारना पडता.” मग बाहेरच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “और ये पडदा बिलकुल ठीक है. पाणी से कुछ नहीं हुआ.”

तेवढ्यात यमुना चहा घेऊन आली. “रौफभाई, माझ्या फडक्यानंच झालं ना?”

रौफभाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “झालं ते झालं. जाऊ दे आता.”

कितीही वेळा आठवलं तरी मला माझं हेच वाक्य सगळ्यात वाईट वाटतं. क्षमा करणाऱ्याच्या आवाजात मी ते बोललो होतो.

रौफभाईने चहा संपवला. दारात चपला घालताना म्हणाला, “मैं नहीं बोलता. आप बोल देना.” नंतर कधीही बाजारात भेटला की तो नुसत्या भुवया उंचावून विचारायचा. मी म्हणायचो, सांगतो. तो गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्याच्या मातीला मी गेलो होतो. तिथेही मला त्याच्या भुवया दिसल्या.

टीव्ही त्यानंतर दोन वर्षं चालला, वलयांसकट. खरं सांगतो, गावाला तो तसाच जास्त आवडला. लोक पाहुण्यांना मुद्दाम घेऊन यायचे, “चला, गुरुजीकडं सगळेच देव दिसतात.” निवडणुकीच्या वेळी पुढारी वलय लावून भाषण करायचे तेव्हा बायका पदर तोंडात कोंबायच्या. शेवटी नळीतलं कसलंसं तेल गळालं आणि तो विझला. दगडूने त्याचा पुढचा जाड पडदा काढून अंगणात उन्हात उभा केला, तर त्यातून उन्हाचा असा झोत पडला की समोरच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्याने पेट घेतला. दगडू धोतर सावरत पळाला. सुभद्राबाईने घागर ओतली आणि म्हणाली, “मेला तरी जाळून राह्यला.” लाकडी खोक्यात कितीतरी वर्षं कोंबड्या अंडी घालत होत्या.

हसण्यासारखं एवढं होतं म्हणून मी निभावून गेलो. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. यमुनाने त्या संक्रांतीनंतर टीव्हीला हात लावला नाही. रंग जुळवायचे ते मी, वाकडेतिकडे. पुढे घरात मिक्सर आला, ती पाट्यावर वाटत राहिली. कपडे धुवायचं यंत्र आलं, ती सुनेची वाट बघायची. जालन्याला राहायला आलो, गॅसला लायटर आला, ती काडी ओढायची. “माझा हात लागला की मशीन बिघडतं,” असं ती सहज, कौतुकाने सांगितल्यासारखं सांगायची. दर दिवाळीला, दर लग्नात कोणीतरी म्हणायचंच, “अक्काला टीव्ही पुसायला सांगू नका रे!” नातवंडांनाही तो विनोद पाठ. ज्या हातांनी पाच मिनिटांत तीन रंगांचा एक पांढरा केला, ते हात मी असे बाजूला ठेवून दिले होते.

परवाच्या दिवाळीला नात मुक्ता पुण्याहून आली. ती तिथे वसतिगृहात शिकते. तिने आजीसाठी नवा फोन आणला. “आजी, रोज संध्याकाळी तू मला फोन लावायचा. मी तुला दिसेन. एवढंच बोट लावायचं.”

यमुना हात मागे घेऊन म्हणाली, “नको बाई, माझा हात लागला की बिघडंल. तुझे आबा लावतील.”

“आबा झोपतात संध्याकाळी.”

“मंग तूच लाव.”

“मी लावला तरी उचलायला बोट तुलाच लावावं लागेल गं. तू बोट लावलंस तरच होईल.” पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुला माझ्याशी बोलायचंच नसेल.”

यमुनाने हात पदराखाली घेतले. मी खुर्चीत बसून ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात मेथी निवडत होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि सांगितलं. आरसा, कापूस, भोगीचा दिवस, सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

तिने दोन-तीन काड्या निवडल्या. मग विचारलं, “रौफभाईला ठावं होतं?”

“हो.”

“म्हंजी तुम्हाला ठावं, त्याला ठावं. अन् मी इतकी वर्षं त्या फडक्याला शिव्या देऊन राह्यले.”

तिने आणखी एक काडी मोडली.

“जाळून टाकलं होतं म्या ते फडकं. चांगलं होतं.”

मग ती उठून आत गेली. दुपारभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून एक आवाज आला, घर्रर्र असा. मी डोकावलो. यमुना मिक्सरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून उभी होती आणि शेंगदाण्यांचा पार लगदा झाला होता. सून भिंतीला टेकून हसत होती.

“काय बघून राह्यले?” यमुना म्हणाली. “मेथी पडलीय अंगणात. निवडा.”

मी निवडली. चार दिवस निवडतो आहे.

काल दुपारी तिने मला समोर बसवलं. म्हणाली, “तुम्ही लिहिता-वाचता. हे लिहून काढा. छापायला द्या. ज्यांच्यासमोर झालं त्यातले निम्मे गेले, बाकीच्यांनी तरी वाचावं. अन् मिक्सरचं लिहू नका.”

हे लिहून काढलं आहे. मिक्सरचंही लिहिलं आहे, कारण आता मला काही वगळायचं नाही.

काल मला हे सांगून झाल्यावर तिने मुक्ताला हाक मारली. “आण गं तो फोन. दगडूमामाला कसा लावायचा?” मुक्ताने आपल्या फोनमधली सगळी नावं त्यात उतरवली होती. तिने दाखवलं. यमुनाचं बोट दगडूच्या नावाच्या खालच्या नावावर पडलं. पडद्यावर मुक्ताच्या कॉलेजातली कोणी मैत्रीण आली, डोक्याला तेल लावलेली, घाबरलेली.

“कोण?” ती म्हणाली.

“चुकून लागला बाई. जेवलीस का?” यमुनाने विचारलं आणि फोन बंद केला. मी तिच्याकडे बघत होतो. आता ती फोन खाली ठेवील असं मला वाटलं.

“बिघडला न्हाई,” ती मुक्ताला म्हणाली, “चुकला. चुकलं तर परत लावायचं.”

परत लावला. दगडू आला. तोही आता म्हातारा, दात नसलेला. यमुनाने फोन इतका जवळ धरला होता की तो ओरडला, “अक्का, नुसतं कपाळ दिसून राह्यलंय!”

“कपाळ बघ अन् ऐक,” ती म्हणाली.

आणि तिने सगळं सांगितलं, मी इथे सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात आणि चांगलं. मी तिथेच बसलो होतो. दगडू म्हणाला, “दाजीला द्या.” माझ्या तोंडासमोर फोन आला. “दाजी,” दगडू म्हणाला, “पंचवीस वर्षं तिला बोललो मी. आता तुम्हाला बोलायला किती वर्षं राह्यलीत माझी, सांगा बरं.”

“जल्दी सुरू कर मंग,” मी म्हणालो. त्याने तिथल्या तिथे सुरू केलं. यमुना हसत होती, तोंडाला पदर न लावता.

तो बोलायचा थांबल्यावर मुक्ताने फोनसाठी हात पुढे केला. “आता सुभद्राआजीला लावते. तिच्या मुलाचा नंबर आहे ना आपल्याकडे?”

यमुनाने फोन स्वतःकडे ओढून घेतला. डोळे बारीक करून नावांवरून बोट खाली खाली नेलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “मीच लावते.”